लाल पट्टीची खिडकी

मुंबईहून जळगाव सुमारे 420 किलोमीटर. रात्री जेवून गाडीत बसावे, कसाऱ्याचा घाट झोपेत चढावा, मनमाडच्या चहावाल्याच्या हाकेने अर्धवट जाग यावी आणि चाळीसगाव मागे पडले की वळकटी बांधायला घ्यावी, असा हा प्रवास मी गेली पन्नास वर्षे करीत आलो आहे. वळकटी केव्हाच गेली. फिरकीचा तांब्या गेला, आईची पत्र्याची ट्रंकही गेली. पण चाळीसगाव गेले की उठून बसायची सवय काही जात नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेसाठी ताईकडे निघालो, तो असाच उठून बसलो आणि डब्याकडे प्रथमच नीट पाहिले. लहानपणी आमचे डबे विटकरी लाल असत. पुढे ते निळे झाले. आता पुन्हा लाल! डबा लांब झालेला, भिंती गुळगुळीत, आणि गाडी सुटताना पाठीत बसणारा धक्का मात्र चांगलाच जाणवणारा. मनात म्हटले, जुने डबे काय वाईट होते? त्या हिरव्या रेक्झिनच्या बाकांवर आमच्या तीन पिढ्या झोपल्या.

जळगावला ताईच्या घरी पोचलो तेव्हा ओसरीवर मामा बसलेले. मामांचे वय ब्याऐंशी. मूळचे धुळ्याचे, पण सारी नोकरी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये झाली. जुन्या जी. आय. पी. रेल्वेने 1915 साली काढलेला हा कारखाना. दख्खनच्या राणीचे 1930 सालचे पहिले डबे घडले ते इथेच. सांगाडे विलायतेहून आले आणि वरची सारी घडण माटुंग्याच्या कारागिरांनी केली. ही गोष्ट मामा अशा थाटात सांगतात, की जणू रंधा त्यांच्याच हातात होता! वास्तविक तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

दुपारी भरीत, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असा बेत झाला. जेवणानंतर मी ताईच्या डोळ्यांचा विषय काढला. मोतीबिंदूचे ऑपरेशन मुंबईला करायचे ठरून आठ महिने झाले होते. दर वेळी काहीतरी निघे. कधी नातवाची परीक्षा, कधी पापड. या वेळी मात्र तिने खरे कारण सांगितले.

"मी गाडीत बसणार नाही," ती म्हणाली.

कारण विचारायची गरज नव्हती. 22 जानेवारी 2025 ची गोष्ट जळगाव जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. लखनौहून मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये, माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या दरम्यान, आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसे जीव मुठीत धरून शेजारच्या रुळावर उतरली. त्याच रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा माणसे गेली. आग मुळी नव्हतीच. ताईच्या घरापासून ती जागा तासाभराच्याही आत.

मामा काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढेच म्हणाले, "उद्या तुम्ही दोघं माझ्याबरोबर धुळ्याला चला. चार दिवस राहा. पण एस. टी.नं नाही, गाडीनं."

आता ज्यांना खानदेश ठाऊक आहे ते हसतील. जळगावहून धुळ्याला जायचे तर एरंडोल, पारोळा करीत एस. टी. सरळ नेऊन सोडते. 1906 साली एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांची ही दोन मुख्य गावे. पण रेल्वेने जायचे तर आधी चाळीसगावला उतरायचे आणि तिथून फाट्याने धुळे गाठायचे. द्राविडी प्राणायामच म्हणायचा! ताईने खूप आढेवेढे घेतले. पण मोठ्या मामांना नाही म्हणण्याची रीत आमच्या घरात नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. ताईने पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले आणि माझे मनगट घट्ट धरले. मामांनी मात्र बसण्याआधी डब्याच्या भिंतीवर बोटाने टकटक केले, जसा म्हातारा वैद्य रोग्याची छाती वाजवून पाहतो.

"रंग आपल्या लहानपणचाच वाटतो, नाही मामा?" मी म्हणालो. "पण जुन्या डब्याची सर नाही याला."

"जुन्या डब्याचं तुला काय ठाऊक? तू वरून पाहिलास, मी खालून पाहिलाय." आणि मामा सुरू झाले.

निळ्या डब्यांचे कूळ मद्रासच्या पेरांबूरचे. तिथला कारखाना 1955 साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. आराखडा स्वित्झर्लंडच्या कंपनीचा. पन्नास-साठ वर्षे साऱ्या देशाला या डब्यांनी वाहून नेले. पण डबा म्हणजे साधे पोलाद, आणि पोलादाचा वैरी पाणी. संडासाच्या खाली, दाराच्या उंबऱ्याशी गंज धरायचा. ठरल्या मुदतीने डबा वर्कशॉपला यायचा. क्रेनने तो चाकांवरून उचलून बाजूला ठेवायचा, चाके लेथवर चढवायची, स्प्रिंगा तपासायच्या, गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, बाके सोलून पुन्हा मढवायची, रंग द्यायचा आणि शेवटी डब्याच्या टोकाला तारीख लिहायची: केव्हा काम झाले आणि पुन्हा केव्हा यायचे.

"आयुष्य अर्ध्यावर आलं की याहून मोठं काम निघायचं," मामा म्हणाले. "त्यासाठी 1989 साली भोपाळजवळ निशातपुऱ्याला वेगळा कारखानाच काढला. तिथं डबा हाडांपर्यंत उघडा करायचे आणि पुन्हा घडवायचे. पण बाबा, कितीही मढवलं तरी सांधा जुनाच राहतो ना!"

सांधा म्हणजे दोन डब्यांमधली जोड. जुन्या डब्यांना आकडा आणि पिळाचा स्क्रू असे. माणसाने दोन डब्यांच्या मधे वाकून तो आवळायचा. दोन्ही बाजूंना बफर. टक्कर झाली की बफर निसटत आणि एक डबा दुसऱ्यावर चढे. मेलेली माणसे बहुधा त्या चढलेल्या डब्याखालची असत. नव्या डब्याचा आराखडा जर्मनीच्या लिंके-हॉफमान-बुश कंपनीचा. पहिले डबे 2000 साली तिकडून आले आणि मग कपूरथळ्याला ते बनू लागले. यांची जोड मधोमध असते, दोन हातांची मूठ एकमेकींत अडकावी तशी. त्यामुळे डबा सहसा दुसऱ्यावर चढत नाही. अंग गंज न धरणाऱ्या पोलादाचे. लांबी दोन मीटरने जास्त, म्हणून शयनयानात 72 ऐवजी 80 माणसे झोपतात. पेरांबूरने जुन्या घाटाचे डबे करणे 2018 च्या आरंभी थांबवले.

"आणि सुटताना धक्का बसतो तो?" मी विचारले.

"बसतो. त्यावरही इलाज चाललेत. पण पाठीला धक्का बसलेला बरा, की छातीवर डबा आलेला बरा?"

यावर मी काय बोलणार! जुने डबे मला प्रिय होते, कारण त्यात माझे कधी काही वाईट झाले नाही. ज्यांचे झाले, ते लेख लिहायला उरले नाहीत.

शिरसोली गेले, म्हसावद गेले. कपाशीची पांढरी बोंडे दिसू लागली. माहेजी आले तशी ताईची पकड घट्ट झाली. परधाड्यापाशी मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाहेर पाहत राहिले. आम्ही कोणीच बोललो नाही.

पाचोरा जवळ आला. गाडीचा वेग उतरू लागला आणि खिडकीतून करपल्यासारखा वास आत आला. ताई ताडकन उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हते.

"बस वं बाई," मामा शांतपणे म्हणाले. "ब्रेकचा वास आहे तो. चाक थांबवायचं म्हणजे घासावं लागतं, घासलं की तापतं, तापलं की वास येतो. कधी ठिणगी दिसते, ब्रेक चिकटून राहिला तर धूरही निघतो. ते आधी पाहायचं, विचारायचं. लगेच उडी मारायची नाही."

"आणि खरंच आग लागली तर?" ताईने विचारले. आठ महिने तिने हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता.

मामांनी तिला हाताला धरून उठवले आणि डबाभर फिरवले. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसावी म्हणून लाल पट्टीच्या खिडकीवर तिचा हात ठेवला. ही संकटकाळची खिडकी; हिची जाळी उघडते. दोन डब्यांमधली वाट दाखवली: धूर दिसला तर आधी इकडून शेजारच्या डब्यात जायचे. साखळी दाखवली. अगदीच उतरावे लागले तर गाडी पुरती थांबल्यावर, आणि ज्या अंगाला दुसरा रूळ नाही त्या अंगाला. तेही जमत नसेल तर दोन्हीकडे पाहून, रुळावर क्षणभरही न थांबता. आजूबाजूचे प्रवासी पाहू लागले. एका तरुण आईने कडेवरच्या पोरासकट येऊन सारे पुन्हा विचारून घेतले. मामांनी तितक्याच सावकाश पुन्हा सांगितले.

"पोलाद बदललं, ते चांगलं झालं," जागेवर बसता बसता ते म्हणाले. "पण डबा माणसाला सांगून ठेवला पाहिजे. आम्ही तारीख लिहायचो, ती सुद्धा कोणी वाचली नाही कधी."

चाळीसगावला उतरल्यावर मी मुद्दाम डब्याच्या टोकाशी गेलो. बारीक पांढऱ्या अक्षरांत वर्कशॉपचे नाव आणि तारखा होत्या. पन्नास वर्षांत मी प्रथमच त्या वाचल्या. ताईनेही मला मोठ्याने वाचून दाखवायला लावल्या.

धुळ्याचा फाटा 1900 सालचा, सुमारे 56 किलोमीटरचा. कोरोनात बंद पडलेली इथली गाडी 2021 च्या डिसेंबरात मेमूच्या रूपाने परत आली, आणि 2023 पासून धुळ्याहून मुंबईला स्वतंत्र गाडीही झाली. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी स्टेशने करीत मेमू चालली. ताईने या वेळी खिडकीशी जागा घेतली. माझे मनगट तिने केव्हा सोडले, ते माझ्या लक्षातही आले नाही.

तिचे दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले. मुंबईला ती गाडीनेच आली. यंदा भाऊबीजेला मी जायचे नाही, तीच येणार आहे. परवा फोनवर म्हणाली, "तिकीट काढशील ना, तर माझी जागा लाल पट्टीच्या खिडकीजवळ मिळते का बघ. आता मला ती वाचता येते."