चर कुठे खोदू नये

पाणलोटाच्या कामाच्या नकाशासाठी राजूरच्या पश्चिमेला ड्रोन उडवायचा तर पावसाआधीचा महिना-दीड महिनाच हाती असतो. जूनमध्ये डोंगरावर उतरलेलं धुकं गणपतीपर्यंत हलत नाही, आणि दिवाळीला गवत कंबरेला लागतं. कॅमेऱ्याला गवताचा शेंडाच जमीन वाटतो, मग उंचीचा सगळा हिशोब बिघडतो. म्हणून आम्ही वाडीवर जायचो ते पानगळ झालेली, राब भाजून तुकडे काळे पडलेले असतानाच.

उडवण्याआधी जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारतात. त्यांची जागा जीपीएसने मोजून घेतली की वरून काढलेले फोटो नकाशात नेमके बसतात. पण इथे चुन्याची फुली दिसली की कुणीतरी जमीन न्यायला आलं असंच वाटतं. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आलं. मोजणीमागून काय येतं हे घराघरांत ठाऊक. एका मावशींनी फुलीवर पाय ठेवूनच विचारलं, "आधी सांग, ह्यो कागद जानार कुनाकडं?" पहिली प्रत वाडीतच राहील असं कबूल केलं, तेव्हा पाय निघाला. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत रास्त प्रश्न तोच होता.

शंभर मीटरवरून काढलेल्या फोटोत एक ठिपका जेमतेम तीन सेंटीमीटरचा. टोपोशीटवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरला, त्यामुळे लहानसहान घळ तिच्यात दिसतच नाही. आमच्या नकाशात खाचराचा फुटलेला बांध, गुरांची वाट, हिरड्याचं एकेक झाड ओळखू येत होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर तो पसरला. लोकांनी आधी आपापली घरं शोधली, मग वाद सुरू झाला.

वाद लाल रंगावरून. ३३ टक्क्यांहून जास्त, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना तेहतीस मीटरहून अधिक चढ असलेला भाग आम्ही लाल केला होता. तिथे समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेले चर, नकोत, असं माझं म्हणणं. पाणलोटाचं काम म्हटलं की माथ्यापासून खणत यायचं, हे जणू ठरूनच गेलंय. तालुक्याच्या पूर्वेला, पाचशे मिलिमीटर पावसात ते शोभतं. घाटघरच्या बाजूला चार-पाच हजार पडतो. तिथे उभ्या उतारावरच्या मातीत आणखी पाणी मुरवणं म्हणजे तो उतार ढिला करणं. माळीणचं नाव मी काढलं नाही, एका आजोबांनीच काढलं. ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला, दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. ओट्यावर कुणाला जास्त सांगावं लागलं नाही.

तरी पोरं चिडली, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. चराची मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळते. लाल पट्टा सोडला की तेवढे दिवस राजूरला किंवा नारायणगावला कामाला जाणं आलं. मग त्याच नकाशावर फुटलेले खाचरांचे बांध आणि ओहोळातल्या दगडी बांधाच्या जागा शोधून कामं तिकडे वळवली. दगड वाहून आणायचा दर परवडतो का, यावर वाडीत अजून दोन तट आहेत. लाल पट्ट्यावर गवत राखायचं तर चराई कुणी थांबवायची, हा विषय तर अजून बैठकीत निघालेलाच नाही.