कात्री नंतर लाव

द्रोणागिरी,
18 जानेवारी 2026

प्रिय मृणाल,


तुझा मेसेज वाचला. मार्चमध्ये त्या महागड्या कार्डाची 10,000 रुपये वार्षिक फी लागणार, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800 रुपये. कार्ड बंद करायचं ठरवलंस ते योग्यच आहे. विमानतळावरच्या लाउंजपायी दरवर्षी एवढे पैसे मोजणं मला कधीच पटलं नव्हतं. पण त्याच मेसेजमध्ये तू लिहिलं आहेस की फेब्रुवारीत इथल्या फ्लॅटसाठी गृहकर्जाचा अर्ज करणार. ही दोन कामं एकापाठोपाठ एक करायची आहेत, आणि आधी कर्ज. फोनवर तू घाईत असतेस म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

कार्ड बंद केलं की सिबिल स्कोअर पडतो, असं तुला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. त्यात थोडं खरं आहे आणि बरीचशी भीती आहे. बंद केलेलं खातं क्रेडिट रिपोर्टमधून लगेच पुसलं जात नाही. वेळेवर भरलेल्या बिलांचा इतिहास ‘बंद’ या शेऱ्यासह पुढेही दिसत राहतो. फरक पडतो तो मर्यादेत. तुझ्या दोन कार्डांची मिळून मर्यादा 6 लाख आहे, त्यातली साडेचार लाख या एकाच कार्डावर. महिन्याला तू साधारण 54,000 वापरतेस, म्हणजे 9 टक्के. हे कार्ड गेलं की तेच 54,000 दीड लाखाच्या मर्यादेवर मोजले जातील, म्हणजे 36 टक्के. तू एक रुपयाही जास्त खर्च केलेला नसेल, पण कागदावर तू ओढाताणीत जगणारी दिसशील. साधारणपणे 30 टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात, आणि माझ्या कर्ज विभागातल्या नोकरीत मीही तेच सांगत आले.

हा फटका कायमचा नसतो. जुन्या कार्डाची मर्यादा वाढवून माग, किंवा स्टेटमेंट निघायच्या आधीच निम्मं बिल भरून टाक, आकडा खाली येतो. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना निदान पंधरवड्याला एकदा तरी क्रेडिट ब्युरोंना माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही पूर्वीपेक्षा लवकर दिसते. पण कर्जाचा अर्ज टेबलावर असतानाच तो आकडा वर जायला नको. हल्ली बऱ्याच बँका व्याजाचा दर स्कोअर बघून ठरवतात. 50 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी 8 ऐवजी सव्वाआठ टक्क्यांनी मिळालं, तर हप्ता महिन्याला जवळजवळ 780 रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत ते एक लाख 87 हजारांच्या घरात जातं. त्यापुढे 11,800 काहीच नाहीत.

म्हणून आत्ताच बँकेला फोन कर आणि याच खात्यावर बिनफीचं कार्ड देता का ते विचार. पुष्कळदा देतात, खातं आणि मर्यादा तीच राहते. त्यांनी फी माफ करतो म्हटलं, तर ते लेखी माग. दोन्ही नाही जमलं, तर या वर्षीची फी भर आणि कर्जाची रक्कम बिल्डरच्या हातात पडेपर्यंत कार्ड तसंच ठेव. मंजुरीचं पत्र आलं म्हणजे झालं, असं समजू नकोस. पैसे सोडण्याआधी बँक रिपोर्ट पुन्हा काढू शकते.

खरं नुकसान कशाने होतं ते आता सांगते. आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे, न्हावा शेव्याच्या एका कंटेनर गोदामात कामाला. कष्टाळू, निर्व्यसनी. फीवरून बँकेशी वाद झाला, त्याने रागाने कार्ड कापलं आणि विषय संपला असं धरलं. मोबाइल नंबरही बदलला होता. खातं मात्र चालूच होतं. फी बिलात लागली, ती थकली, तिच्यावर लेट फी, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, आणि या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. वसुलीवाल्यांनी शोधून काढलं तेव्हा “निम्मे भरा, मिटवून टाकू” म्हणाले. त्याने भरले. आता त्याच्या रिपोर्टवर त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ लिहिलेलं आहे, आणि कर्ज देणारा त्याचा एकच अर्थ काढतो: या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. तो माझ्याकडे कागद घेऊन आला, तेव्हा उरलेली रक्कम भरून शेरा बदलून घे, एवढंच मला सांगता आलं. फार वाईट वाटलं. कार्ड कापण्याआधी त्याने एक अर्ज केला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

नियम ग्राहकाच्या बाजूने आहे, तो लोकांना माहीत नसतो. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे, थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं. उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. हेल्पलाइन, ईमेल, ॲप, नेटबँकिंग, कुठूनही अर्ज करता येतो. पोस्टानेच पाठवा असं ते सांगू शकत नाहीत. तू ईमेल कर, म्हणजे तारीख हातात राहते.

अर्जाच्या आधी थोडी आवराआवर लागेल. कार्डावर मोबाइलचे हप्ते चालू असतील तर ते फेड. तुझ्या फास्टॅगचं आपोआप रिचार्ज याच कार्डावर आहे ना? ते दुसरीकडे लाव, नाहीतर अटल सेतूच्या टोलवर अडकशील. पॉइंट वापरून टाक, बंद झाल्यावर ते बहुधा बुडतात. जास्तीचे पैसे खात्यात पडून असतील तर ते तुझ्या बँक खात्यात परत यायला हवेत. शेवटचं बिल भरल्यानंतरही एक स्टेटमेंट वाट बघ, कारण चार दिवसांचं व्याज मागाहून येतं आणि दीडशे रुपयेही थकबाकीच असते. मग शिल्लक शून्य आणि खातं बंद असं लेखी घे. कात्री त्यानंतर.

दीडेक महिन्याने रिपोर्ट काढून बघ. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही ब्युरोंना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. खातं अजून चालू दिसलं तर तक्रार कर. 30 दिवसांत ती सोडवली नाही, तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. त्यानेही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तिथे पैसे लागत नाहीत. आणि पहिल्या नोकरीत घेतलेलं ते साधं कार्ड अजिबात बंद करू नकोस. महावितरणचं बिल त्यावर लावून टाक. वर्षभर पडून राहिलेलं कार्ड बँक कळवून स्वतःच बंद करू शकते.

एवढं पोटतिडकीने का लिहिते आहे, तेही सांगते. परवा 16 तारखेला जासईला हुतात्म्यांना अभिवादन करायला गेले होते. 1984 साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. तुझ्या आजोबांची भातशेती सिडकोत गेली. मिळालेला भूखंड वाटेकऱ्यांत विकला गेला, पैसे घरोघरी लग्नांत आणि गाड्यांत संपले. 2018 च्या सिडकोच्या सोडतीत द्रोणागिरीची घरं होती, तेव्हा आपल्या घरात कुणाची अर्ज भरायचीही तयारी नव्हती. 12 जानेवारी 2024 ला एकाच दिवशी अटल सेतूचं आणि उरणपर्यंतच्या लोकलचं उद्घाटन झालं, आता इथे घर घेणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. अशा वेळी तू स्वतःच्या पगारावर याच मातीत परत येते आहेस. तुझ्या बाबांना त्याचा किती अभिमान आहे ते तो तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तुझ्या कर्जाच्या फाइलवर एका कार्डाच्या घाईमुळे प्रश्नचिन्ह लागलेलं मला चालणार नाही.

दोन्ही कार्डांची शेवटची तीन स्टेटमेंट मला पाठव. फी नेमकी कोणत्या तारखेला लागते ते बघून ठेवते, म्हणजे बँकेला फोन कधी करायचा ते ठरवता येईल. बिल्डरच्या करारनाम्याचा मसुदाही जोड, कर्जाचा टप्पा कधी मागितला आहे ते त्यात असेल.

तुझी,
आत्या