अपेक्षित उत्तर

डी.एड.ला येणारी आमची बहुतेक मुलंमुली कला शाखेतून बारावी झालेली असत. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी विज्ञानाशी त्यांचा संबंध संपलेला. नोकरी लागली की मात्र त्यांनाच खालच्या वर्गांना परिसर अभ्यास शिकवायचा असे, आणि शाळा सातवीपर्यंत असली तर सामान्य विज्ञानही वाट्याला येई. एका अध्यापक विद्यालयात मी त्यांना विज्ञानाची अध्यापन पद्धती शिकवत होते. त्या वर्षांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्या माझ्यापाशी थांबल्या नाहीत. माझे विद्यार्थी त्या घेऊन गावोगावच्या शाळांत गेले. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मी सगळा जोर पाठाच्या टाचणावर दिला. हेतू, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन असे रकाने आखून घ्यायचे आणि प्रत्येक प्रश्नापुढे मुलांचं अपेक्षित उत्तर आधीच लिहायचं. हा शेवटचा भाग मी फार काटेकोरपणे तपासत असे. मूल काय बोलणार हे आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवलं, की वर्गात ते खरोखर काय बोललं याकडे कान जात नाही. विज्ञानाला आधीच बिचकणाऱ्या मुलींना तर हे टाचण म्हणजे मोठा आधार वाटायचा. त्यांची भीती त्याने गेली नाही, झाकली गेली.

सहावीच्या वर्गावर एका छात्राध्यापिकेचा सराव पाठ होता. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा पेला पालथा. मेणबत्ती विझली, पेल्यात पाणी चढलं. आतला ऑक्सिजन जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणजे हवेत सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन असतो, असं तिने सांगितलं. हे मीच तिला शिकवलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘‘बाई, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी का नाही चढलं? विझल्यावर एकदम चढलं.’’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे बोट केलं. ‘‘ते आपण नंतर बघू हं,’’ असं म्हणून ती पुढच्या मुद्द्यावर गेली. पाठ संपल्यावर तिच्या निरीक्षण वहीत मी शेरा लिहिला : विषयांतर टाळावे. पुढच्या पाठाला तिने ज्यांची उत्तरं ठरलेली असतात त्याच मुलांना उभं केलं, आणि मी तिला आधीपेक्षा जास्त गुण दिले.

त्या मुलाचं बरोबर होतं. ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढत असेल, तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं. खरं तर ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच ऑक्सिजन उरलेला असतो. ज्योतीने आतली हवा तापते, प्रसरण पावते, कधी काठाखालून बुडबुड्यांवाटे थोडी बाहेरही पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. जळताना तयार झालेली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, त्याचाही थोडा हातभार लागतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढतं. पेला तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त. एवढी साधी पडताळणी मी कधी केली नव्हती, कारण हे स्पष्टीकरण मीही माझ्या शिक्षकांकडून असंच घेतलं होतं.

हे उमगल्यानंतर मी जे केलं ते मला आज जास्त खुपतं. पुढच्या तुकडीला मी नवं, बरोबर स्पष्टीकरण फळ्यावर लिहून दिलं. त्यांनी ते टाचणात अपेक्षित उत्तर म्हणून उतरवलं आणि वर्गात जाऊन मुलांना सांगितलं. तीन मेणबत्त्या कुणी लावून पाहिल्या नाहीत. वर्गातल्या मुलांना आता बरोबर वाक्य मिळत होतं, पण ते बरोबर आहे हे ठरवायचं कसं, ते पूर्वीइतकंच अंधारात होतं.

प्रयोग करून पाहायला साहित्य नव्हतं असंही नाही. कपाट भरलेलं होतं आणि किल्ली माझ्याकडे होती. जडसंग्रह नोंदवहीतली वस्तू फुटली तर जाब द्यावा लागेल, या धास्तीने मी ते फक्त तपासणीच्या वेळी उघडत असे.

अध्यापन पद्धतीच्या याच तासांना मी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाबद्दल मोठ्या आस्थेने सांगत असे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या सोळा शाळांतून, उच्च प्राथमिक वर्गांसाठी तो सुरू झाला. तिथे प्रशिक्षणात शिक्षक आधी स्वतः सगळे प्रयोग करत, अडत, वाद घालत. मुलं आपले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या पात्राला पत्राने विचारत आणि त्या पत्रांना उत्तरं जात. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. माझ्या विद्यार्थ्यांनी हे सगळं टीप म्हणून पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. प्रयोगांना हात न लावताच ते शिक्षक झाले.

पिंपळाचंही सांगायला हवं. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो, असं एका छात्राध्यापकाने पाठात सांगितलं. प्रकाशसंश्लेषणाशिवाय झाड ऑक्सिजन तयार करत नाही आणि रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसनासाठी ऑक्सिजन घेतो, हे मला माहीत होतं. पण पाठ वृक्षसंवर्धनाकडे छान वळला होता, म्हणून मी गप्प बसले. झाडाबद्दल प्रेम वाटावं म्हणून खोटं चालवून घेतलं. ते झाड खोट्याशिवायही प्रेम करण्याजोगं आहे.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी क्रम उलटा केला. आधी प्रयोग, मग टाचण. कपाट उघडं राहू लागलं. पेले फुटले, नोंदी झाल्या, कुणी जाब विचारला नाही. ‘‘मॅडम, आमचं वेगळंच आलं,’’ असं म्हणत मुली यायला लागल्या तेव्हा त्यांच्या आवाजातला बुजरेपणा पुष्कळ कमी झाला होता. मात्र अभ्यासक्रम भरगच्च, सराव पाठांची घाई कायम, त्यामुळे मोजकेच प्रयोग नीट झाले. मी फार उशिरा सुरुवात केली.

आज डी.एल.एड.च्या, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.च्या, वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात ‘मुलांनी विचारलेले प्रश्न’ असा एक रकाना घाला. एखाद्या नव्या शिक्षिकेने ‘‘मला माहीत नाही, आपण करून बघू’’ असं म्हणून पाठ अर्धा सोडला, तर तिचे गुण कापू नका. दुसऱ्या दिवशी तिला त्याच वर्गावर पुन्हा तास द्या.