ज्यांचं लिहिलं, त्यांना वाचून दाखवा

सेमिस्टरला शिकवण्याचे आठवडे मिळतात साधारण १५. दुसऱ्या सत्रात त्यातच कुणकेश्वरची महाशिवरात्रीची जत्रा येते, शिमगा येतो आणि देवगड तालुक्यातल्या घरांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आंबा येतो. आंबा उतरवायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या. बागेत माणूस कमी पडतं आणि कॉलेजात जाणारी मुलं ही घरची हक्काची माणसं असतात. अशा दिवसांत एकच प्रश्न धरून महिनोन्‌महिने त्याच्या मागे राहायचं, लोकांना भेटायचं, जुने कागद बघायचे आणि शेवटी ते सगळं स्वतःच्या मराठीत सलग लिहून काढायचं, ही मागणी लहान नाही. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक आले आणि ही मागणी राज्यभरातल्या पदवीच्या मुलांपुढे आली. मुलं त्याला सरळ ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. मराठीच्या लेखनाच्या तासाला जोडून मी हे प्रोजेक्ट करून घेते. त्यातल्या एकाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ते माझ्या माहेरच्या गावाबद्दल होतं आणि लेखन शिकवण्याबद्दलचा माझा विचार त्याने पक्का केला.

माझं माहेर मिठबाव देवगड तालुक्यात आहे. एका अंगाला कुणकेश्वर, दुसऱ्या अंगाला आचऱ्याकडे जाणारा रस्ता, लगत तांबळडेग, खाडी आणि समुद्राकाठी गजबादेवीचं देऊळ. या किनाऱ्याने मराठीला लिहिणारी माणसं भरपूर दिली. विंदा करंदीकर याच तालुक्यातल्या धालवलीचे; खानोलकर आणि जयवंत दळवी वेंगुर्ल्याकडचे. त्यामुळे आमच्या मुलांना वाटतं की लिहिणं म्हणजे वर्णन करणं. माडाच्या रांगा, निळं पाणी, लाल माती हे त्यांच्या वहीत न सांगता येतं. ते सुंदरही असतं. पण प्रोजेक्टच्या लेखनाला आणखी एक गोष्ट लागते. तिथल्या प्रत्येक वाक्याला कुणीही उभं राहून ‘कशावरून?’ असं विचारू शकतं आणि वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

हा प्रोजेक्ट करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीने विषय आणला तो रापणीचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडत नेतात, होडी वळून पुन्हा किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या दोन बाजूंनी माणसं ओढत आणतात. एकट्या घराचं हे काम नव्हे. अनेक घरं एकत्र येतात, कुणाचं जाळं, कुणाची होडी, कुणाचे हात, आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. विषय उत्तम होता. पहिलं पान मात्र असं सुरू झालं होतं: ‘रापण ही कोकणातील एक प्राचीन व पारंपरिक मासेमारी पद्धत असून ती आज लोप पावत चालली आहे.’ फोनवर मिळणाऱ्या मजकुरात हे वाक्य या ना त्या रूपात सगळीकडे आहे. ते मिठबावात न जाता लिहिता येतं, आणि मिठबावात जाऊन लिहिलं तरी त्यात मिठबाव येत नाही.

पहिले काही आठवडे आम्ही प्रश्न लहान करण्यात घालवले. सेमिस्टरमधलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटतं, आणि वेळापत्रकात त्याला सगळ्यात कमी जागा असते. ‘रापण का संपत चालली?’ हा प्रश्न एका मुलीला एका सत्रात पेलणारा नाही. त्याला मासळीचं शास्त्र लागेल, अनेक वर्षांचे आकडे लागतील. कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे, १९४७ साली स्थापन झालेली. ती किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचे अंदाज काढते, पण ते राज्याच्या पातळीवर. एका गावातल्या एका रापणीत कुठल्या वर्षी किती तारली लागली, हे तिथे कुठून मिळणार? मग ती विचार करत करत दुसऱ्या प्रश्नाशी आली: रापणीचा वाटा कुणाला मिळतो, कशाच्या आधारावर मिळतो, आणि घरात ओढायला माणूस उरला नाही तर त्या वाट्याचं काय होतं? हा प्रश्न चार घरांत विचारता येतो आणि त्याचं उत्तर तपासता येतं. शिवाय मुंबईला गेलेला मुलगा, जाळ्याचा खर्च, म्हातारपण, भावाभावांची वाटणी हे सगळं या छोट्या प्रश्नाच्या दारातून आपोआप आत येतं. मोठा प्रश्न टाकून दिला असं त्यात झालं नाही. त्याला हात घालायला जागा सापडली.

कागद शोधायची वेळ आली तेव्हा पहिला धडा भूगोलाने दिला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीचं मिठबाव शोधायचं तर रत्नागिरीच्या नावाखाली शोधावं लागतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड १८८० सालचा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. तिने तो उघडला तेव्हा तिला मी एवढंच सांगितलं की माहिती घेण्याआधी हे कुणासाठी लिहिलंय ते बघ. राज्य चालवणाऱ्यांना बंदर, व्यापार, सारा, जाती यांची नोंद हवी होती, म्हणून त्या नजरेला जे दिसलं ते त्यात आहे. वाटा कसा पाडतात हे साहेबाला जाणून घ्यायची निकड नव्हती. १९८१ सालीच महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. तो नियमांसाठी लिहिलेला. वर्तमानपत्रातली कात्रणं संघर्षाच्या दिवसांची, कारण शांततेच्या दिवशी रापणीची बातमी होत नाही. प्रत्येक कागद कुठल्या तरी कामासाठी जन्माला येतो आणि त्या कामापुरतंच बोलतो. हे एकदा समजलं की मुलं छापील अक्षरापुढे मान तुकवणं सोडतात आणि त्याच्याशी बोलायला लागतात.

शेवटी तिच्या प्रश्नाचा कागद मिळाला तो एका घरात. एका जुन्या रापणकाराने जपून ठेवलेली हिशेबाची वही. कडा मऊ पडलेल्या, काही पानांवर ओल लागून शाई पसरलेली. एका बाजूला नावं, समोर वाट्याचे आकडे, मध्येच कुणाला दिलेली उचल, कुठे जाळं सांधायला आणलेल्या सुताचा खर्च. काही नावांपुढे पुढच्या हंगामात नुसती रेघ होती. त्या रेघांपाशी ती थांबली आणि प्रत्येक रेघेबद्दल विचारत गेली. एक घर मुंबईला गेलेलं, एकाने स्वतःची होडी घेतलेली, एकाचं वय झालेलं. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांतली दप्तरं धुंडाळत, आणि त्यातून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे राहिले, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. माणसाच्या दारात जाऊन, त्याचा विश्वास मिळवून, त्याच्याकडचा कागद बघायचा ही आपल्याकडची जुनी वाट आहे. राजवाड्यांना सरदारांची आणि सावकारांची दप्तरं मिळाली. दोऱ्या ओढणाऱ्यांच्या वह्या त्याच मायेने बघायचं काम आता या मुलांचं आहे.

मुलाखती मालवणीत झाल्या. दुसऱ्या कुठल्या भाषेत होणार? लिहिताना तिने विचारलं, ‘मॅडम, हे सगळं प्रमाण मराठीत करू का?’ अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात मराठीच्या बोलींची पाहणी केली, त्यातला एक भाग कुडाळी बोलीला दिला आहे. लोक जसं बोलतात तसं टिपून ठेवणं हे विद्वानांनी कमीपणाचं मानलं नाही, मग आपण का मानावं? तिने लोकांची वाक्यं त्यांच्या बोलीत ठेवली आणि आपलं विवेचन आपल्या मराठीत लिहिलं. पानावर कुणाचा आवाज कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो, हे त्यामुळे न सांगता कळायला लागलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही एका वाक्यावर घालवला. तिने लिहिलं होतं, ‘पर्ससीनमुळे रापण संपली.’ किनाऱ्यावर कुणालाही विचारा, हेच ऐकू येतं. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या यांत्रिक नौका पाण्यात मासळीचे थवेच्या थवे घेरतात, मासळी काठापर्यंत येईनाशी होते, असं पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्यांची आंदोलनं झाली, ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला, २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवले. तिचं मन अर्थातच रापणकारांच्या बाजूने होतं, माझंही आहे. पण तिच्याजवळ जो पुरावा होता, तो एवढं मोठं वाक्य उचलू शकत नव्हता. बऱ्याच खाडाखोडीनंतर ते असं झालं: ‘मासळी काठाला येईनाशी झाली याचं कारण पर्ससीन नौका आहेत, असं मला भेटलेले सगळे रापणकार सांगतात. त्याच बोलण्यात दोरी ओढायला माणसं मिळत नाहीत, ही तक्रारही तितक्याच वेळा येते.’

नवं वाक्य लांबलं आणि त्यातला आवेश गेला, याचं तिला वाईट वाटलं. मला ते वाक्य अधिक धीट वाटतं. जे ओरडून सांगितलं जातं ते सभेत टाळ्या घेतं, पण समोर कुणी जाणता विरोधक बसला असला तर पहिला घाव त्यावरच घालतो आणि त्याबरोबर खरा भागही वाहून जातो. जे आधाराने आणि बेतानं मांडलं आहे, त्याला तसं हलवता येत नाही. ज्यांची बाजू आपल्याला मनापासून घ्यायची आहे, त्यांच्याबद्दल लिहिताना तर अक्षरन्‌अक्षर तोलून लिहायला हवं. कोकणच्या मुलांनी ही सवय लावून घ्यावी असं मला फार वाटतं, कारण बंदर, खाण, प्रकल्प, पर्यटन यांवरची पुढची भांडणं त्यांनाच लढायची आहेत.

कच्चा मसुदा तयार झाला तेव्हा रापणकार काकांनी आधीच घातलेली अट आली. वही दाखवतानाच ते म्हणाले होते, ‘लिवलंस ता आदी माका वाचून दाखव.’ सबमिशनच्या गडबडीत हे टाळता आलं असतं. तिने टाळलं नाही, आणि मीही तिच्याबरोबर गेले. खळ्यात मांडवाखाली बसून ती वाचत होती आणि काका मध्येच थांबवत होते. होडीचा वाटा तिने एका ठिकाणी चढा लिहिला होता, तो त्यांनी खाली आणला. एका घराबद्दलचं वाक्य त्यांना खरं असूनही नको होतं. भावकीतली गोष्ट आहे, म्हणाले. ते तिने गाळलं. पर्ससीनचं वाक्य त्यांना पुरेसं कडक वाटलं नाही, पण दुसरा भाग ऐकून गप्प राहिले आणि मग मान हलवली.

एवढ्यात दारातून काकी बोलल्या, ‘आनी आमच्या टोपल्यो? त्यो खंय लिवलंस गो?’

त्या एका प्रश्नाने प्रकल्पाला नवं प्रकरण दिलं. मासळी काठाला लागल्यावर पुढे काय? टोपली डोक्यावर घेऊन दारोदार जाणारी, भाव ठरवणारी, उधारी लक्षात ठेवणारी, उरलेली मासळी खारवून सुकवणारी बाईच. वहीत तिचं नाव नव्हतं, कारण वही वाट्याची होती आणि वाटा घराच्या नावाने पडत होता. गॅझेटियरला, कायद्याला, कात्रणाला आपापली नजर होती, तशी काकांच्या वहीलाही होती. घरच्या कागदाला सुद्धा ‘हे कुणासाठी लिहिलंय?’ असं विचारावं लागतं, हे आम्हां दोघींना त्या दारात उभ्या असलेल्या बाईने दाखवलं. उरलेल्या आठवड्यांत ती काकींबरोबर आणि त्यांच्या शेजारणींबरोबर बसली. त्या प्रकरणातली पानं सगळ्या प्रकल्पात उजवी उतरली आहेत.

म्हणून आता माझ्या वर्गात एक नियम आहे: ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना वाचून दाखवल्याशिवाय प्रोजेक्ट बाइंडिंगला जाणार नाही. हा शिष्टाचाराचा भाग आहेच, पण त्याहून अधिक तो तपासणीचा भाग आहे. कॉलेजच्या वाचकाला, म्हणजे मला, संदर्भाची मांडणी कळते, शुद्धलेखन कळतं, युक्तिवादातली फट कळते. वाटा चढा लागला हे मला कळलं नसतं आणि टोपली राहिली हे तर नाहीच. मार्कांसाठी लिहिणारा मुलगा एका वाचकाला खूश करायला बघतो. गावात वाचून दाखवायचं आहे हे ठाऊक असलेला मुलगा मोठे शब्द आपणहून खाली ठेवतो, कारण काकांपुढे ‘सामाजिक-आर्थिक परिप्रेक्ष्य’ असं वाचताना त्याची जीभच अडखळते. साधं, नेमकं मराठी लिहायला शिकवणारा याहून चांगला मार्ग मला इतक्या वर्षांत सापडलेला नाही.

एक काम मात्र अजून आपण नीट करत नाही. व्हायवा झाला, मार्क भरले की हे सगळे प्रकल्प कपाटात जातात आणि वर्षा-दोन वर्षांनी जागा करायची म्हणून रद्दीत. एका गावाबद्दल कुणीतरी मनापासून गोळा केलेली माहिती अशी जाऊ नये. एक प्रत गावच्या शाळेत, एक जवळच्या वाचनालयात आणि एक विभागात, एवढं प्रत्येक कॉलेजला जमण्यासारखं आहे. या मुलीने शेवटच्या पानावर तिला न सुटलेले प्रश्न लिहून ठेवले आहेत: जाळं सुताचं होतं ते नायलॉनचं झालं तेव्हा वाटे बदलले का, मुंबईला गेलेल्यांचा वाटा कुणी सांभाळला, सुक्या मासळीचा पैसा घरात कुणाच्या हाती राहत होता. पुढच्या सत्रात मिठबावातून किंवा तांबळडेगमधून जे मूल माझ्या वर्गात येईल, त्याच्या हातात मी ही प्रत पहिल्याच आठवड्यात देणार आहे. त्याने ती घेऊन त्याच दारांत पुन्हा जावं, आणि तिच्यातलं एखादं विधान खोडावंसं वाटलं तर आधार दाखवून खुशाल खोडावं.