समुद्रातला इको पॉइंट

माझे मामा हर्णै बंदरात मासेमारी करतात. त्यांच्या होडीवर मासे शोधायचे यंत्र आहे. होडीच्या तळाशी बसवलेली चकती पाण्यात आवाज सोडते. तो आपल्याला ऐकू येत नाही. तळावर किंवा माशांवर आपटून तो परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटते. आपल्या इको पॉइंटवर हाक परत येते ना, तस्सेच! पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. चकती पंख्यापासून लांब लावतात, नाहीतर बुडबुड्यांनी चित्र बिघडते.

मी विचारले, "मामा, सगळे मासे दिसले तर समुद्रात उरतील काय?"

मामा म्हणाले, "म्हणून तर १ जून ते ३१ जुलै आमची होडी बंद. मासे अंडी घालतात तेव्हा. यंत्राला मासा दिसतो, त्याच्या पोटातली अंडी दिसत नाहीत. ती आपण ओळखायची."

— इयत्ता सातवी