मस्तकापासून पावलांपर्यंत

दिवेलागणीला शुभंकरोती झाली की मुलं भराभर रामरक्षा म्हणून मोकळी होतात. पाठांतर पक्कं व्हायला ते चांगलंच. पण आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर तीच रामरक्षा संथ लयीत म्हणावी लागते.

बुधकौशिक ऋषींच्या या स्तोत्राचे श्लोक 38. बहुतेक अनुष्टुभ छंदातले, आठ अक्षरांचा एक चरण. दोन चरणांवर थांबलं की श्वास आपोआप बसतो. विसर्ग गिळू नये. त्याबरोबर उरलेला श्वास बाहेर पडतो आणि पुढचा भरून घेता येतो.

माझा जीव मात्र कवचात गुंतलेला आहे. साडेपाचच श्लोक, पण त्यात एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या हवाली केलेला आहे. मस्तक राघवाकडे, कपाळ दशरथपुत्राकडे, डोळे कौसल्येच्या मुलाकडे, कान विश्वामित्राच्या लाडक्याकडे. पुढे गुडघे सेतू बांधणाऱ्याकडे आणि पाय बिभीषणाला राज्यवैभव देणाऱ्याकडे. आपण मस्तकावरून पावलांकडे उतरत असतो आणि बहुतांशी त्याच ओघात रामायण जन्मापासून लंकाविजयापर्यंत पुढे सरकत असतं.

म्हणून मी प्रत्येक नावाबरोबर त्या अवयवाकडे बघते. तापानं फणफणलेलं कपाळ, खोल गेलेले डोळे, सुजलेला गुडघा. ज्या अंगाकडे दिवसभर कुणाचं लक्ष गेलेलं नसतं, तिथंही नजर पोचते. आवळलेली मूठ हळूहळू सैल झालेली मी पाहिली आहे. शेवटी सगळी काया रामाच्या स्वाधीन करायची आणि कपाळाला अंगारा लावायचा.

जपाचे तीन प्रकार सांगतात: वाचिक, उपांशु आणि मानस. रुग्ण जागा असेल तर मी मोठ्यानं म्हणते, डोळा लागला की नुसते ओठ हलवते, आणि दवाखान्याच्या वॉर्डात मनातल्या मनात. आवाज कमी झाला तरी लक्ष तसूभरही कमी होऊ द्यायचं नाही. माझ्या मते रक्षण इथूनच सुरू होतं: जपणाऱ्याचं मन आजाऱ्यावरून हलत नाही, आणि आपण एकटे नाही हे आजाऱ्याला उमगतं.

डॉक्टरांची औषधं वेळच्या वेळी द्याच. रामरक्षा त्यांच्या जागी नाही, जोडीला आहे. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज आवर्तनं करून ती सिद्ध करायची आपल्याकडे रीत आहे. येत्या पाडव्याला निदान कवच तरी पाठ करायला घ्या. आणि ज्याच्यासाठी म्हणाल, त्याच्याकडे बघून म्हणा.