पक येण्याआधी

ओंटारिओतल्या ज्युनियर आइस हॉकीचे सामने बघणं आणि त्यांत खेळणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांबद्दल अहवाल लिहिणं, हे माझं काम. अहवाल एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाकडे जातात. जूनच्या अखेरीला ड्राफ्ट असतो. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि जगभरातून सव्वादोनशेच्या आसपास मुलं निवडली जातात. ज्याचं नाव पुकारलं जातं त्याच्यावर त्या संघाचा हक्क लागतो. त्या ड्राफ्टसाठी सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत ओशावा, ग्वेल्फ, किचनर, पीटरबरो, कधी उत्तरेला पार सडबरी, अशी गाडी पळवत राहायची.

यात सगळ्यांत अवघड पारख बचावपटूची. पुढच्या फळीतल्या मुलाचं काम धावफलकासारखं समोर लागतं. बचावपटूचं चांगलं काम बहुतेक वेळा न घडलेल्या गोष्टींत असतं. न झालेला पास, न सुटलेला फटका, अर्ध्यावरून परत वळलेला हल्ला. त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. शिवाय ही जागा उशिरा हाती येते. निक्लास लिडस्ट्रॉमला डेट्रॉइटने १९८९ मध्ये ५३व्या क्रमांकावर घेतलं. पुढे सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने सात वेळा मिळवली. झेडेनो चारा १९९६ मध्ये ५६वा होता, डंकन कीथ २००२ मध्ये ५४वा. मार्क जिओर्डानोला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही, आणि २०१९ची नॉरिस त्याची. निवड करणाऱ्यांना नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. त्या टेबलांभोवती बसलेली माणसं हा खेळ कोळून प्यालेली होती. सतराव्या वर्षी जे दिसतं आणि पंचविसाव्या वर्षी जे उरतं, त्यांत बचावपटूच्या बाबतीत केवढं अंतर पडू शकतं, ते या आकड्यांवरून कळतं.

या मोसमात मी एका मुलासाठी पुन्हा पुन्हा जातो आहे. त्याचं नाव किंवा संघ लिहिणार नाही. तो अजून अल्पवयीन आहे. उंची सहा फुटांच्या जराशी वर. स्टिक डावखुरी, पण संघात उजव्या स्टिकचे बचावपटू कमी असल्यामुळे खेळतो उजव्या बाजूने, दुसऱ्या जोडीत. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, त्याला क्वचितच पाठवतात, म्हणून गोल आणि असिस्ट बेताचे. प्रेक्षकांतून त्याच्या नावाने आरोळी आलेली मी ऐकलेली नाही.

मी त्याच्याकडे नक्की कधी बघतो? प्रतिस्पर्ध्यांनी मधली रेषा ओलांडून पक, म्हणजे खेळाची चकती, त्याच्या कोपऱ्यात फेकलेला असतो आणि दोघं जण त्यामागे सुटलेले असतात तेव्हा. बचावपटूला पाठ फिरवून मागे पळावं लागतं, तोंड काचेकडे आणि धोका पाठीमागे. पक स्टिकला लागेपर्यंत दीड-दोन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याचं हेल्मेट किती वेळा वळलं, कुठल्या खांद्यावरून वळलं आणि कधी वळलं, हे मी टिपतो. बहुतेक मुलं एकदा बघतात, काही तेवढंही बघत नाहीत. हा दोनदा बघतो, आणि दोन्ही वेळा वेगळ्या खांद्यावरून. पहिल्या नजरेत त्याला कळतं मागून येणारा कुठल्या बाजूने येतोय. दुसऱ्या नजरेत कळतं आपला कोण मोकळा आहे. मग पकजवळ पोचता पोचता तो एक खांदा किंचित झुकवतो, मागचा त्या दिशेला वाहवत जातो, आणि हा दुसऱ्या बाजूने निघून जातो किंवा नेटमागे जोडीदारासाठी पक ठेवून देतो. धडक नाही, झटापट नाही. इतकं साधं दिसतं की टाळीच पडत नाही.

ज्याने आधी बघितलेलं नसतं त्याला पकपाशी पोचल्यावर विचार करावा लागतो, आणि तोवर अंगावर माणूस आलेला असतो. मग तो पक बोर्डालगत जोरात भिरकावून देतो. पक घासत घासत ब्लू लाइनपाशी, म्हणजे आपल्या हद्दीच्या रेषेपाशी, जातो, तिथे प्रतिस्पर्धी वाट बघत उभाच असतो, आणि पाचही जण पुन्हा आपल्या हद्दीत कोंडले जातात. ज्युनियरमध्ये हे खपून जातं. समोरची मुलंही सतराची असतात, अर्धी मोकळी संधी वाया घालवतात. वरच्या पातळीवर तोच अर्धा सेकंद कोणी देत नाही. म्हणून कुठल्याही मुलाबद्दल मी स्वतःला पहिला प्रश्न हाच विचारतो: याच्या हातातला अर्धा सेकंद काढून घेतला तर मागे काय उरेल? ज्याचा निर्णय पक येण्याआधीच झालेला असतो, त्याचं फारसं काही जात नाही.

हे नीट दिसावं म्हणून मी शक्यतो नेटच्या मागे, वरच्या रांगेत बसतो. बाजूच्या खुर्च्यांवरून खेळाचा वेग कळतो, पण कुठली वाट उघडी होती आणि ती त्याला दिसली का, हे मागूनच कळतं. वॉर्म-अपला लवकर पोचतो तेही याचसाठी. तिथे कोणी अंगावर येत नसतं, त्यामुळे पायांतल्या सवयी उघड्या पडतात. मागे स्केटिंग करताना कंबर दोन्ही बाजूंना सारखी उघडते का, क्रॉसओव्हरमध्ये कुठला पाय आळस करतो, थांबताना वजन टाचेवर जातं का. व्हिडिओवर आता प्रत्येक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एकेक पाळी, कापून मिळते, आपल्या हद्दीतून पक ताब्यात ठेवून कोण किती वेळा बाहेर पडला याची गणती मिळते, आणि मी ती रोज वापरतो. पण कॅमेरा पकच्या मागे फिरतो. मला हवा असलेला मुलगा त्या वेळी बऱ्याचदा चौकटीबाहेर असतो.

दुसरी परीक्षा अंतराची. हल्ला करणारा पक घेऊन वेगात येतो तेव्हा बचावपटूला मागे जात जात त्याच्याशी अंतर राखावं लागतं. फार लांब राहिलात तर तो ब्लू लाइन आरामात ओलांडून आत मांडी ठोकतो. फार जवळ गेलात तर तो एका झटक्यात पार होतो. एकदा बाबांना सोबत नेलं होतं. त्यांनी आयुष्यात सांगली-कराडच्या मैदानांवरची कबड्डी बघितली, स्वतः डावा कोपरा सांभाळला. ऑफसाइड कशाला म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या पिरियडमध्ये ते म्हणाले, "तो मागे मागे सरकणारा पोरगा बघ. पकडीची घाई करत नाहीये."

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"चढाई करणाऱ्याच्या पायाकडे बघतोय तो, हाताकडे नाही. त्याला बाजूला जायला लावेल आणि रेषेपाशी धरेल."

आणि तसंच झालं. मुलाने स्टिक आतल्या बाजूला ठेवून मधली वाट बंद केली, समोरच्याला बोर्डाकडे जायला भाग पाडलं आणि ब्लू लाइनवरच पक काढून घेतला. कोपरारक्षक जी शिस्त पाळतो तीच ही, फक्त पायाखाली बर्फ आणि वेग तिप्पट.

व्यावसायिक खेळात ही शिस्त पाहायची असेल तर कॅरोलायनाच्या जेकब स्लेविनकडे बघावं. २०१२ मध्ये तो चौथ्या फेरीत, १२०व्या क्रमांकावर निवडला गेला. सभ्य आणि कौशल्यपूर्ण खेळासाठीची लेडी बिंग ट्रॉफी त्याने २०२१ आणि २०२४ मध्ये मिळवली. ती बचावपटूला क्वचितच मिळते, कारण ज्याला रोज समोरच्याला अडवायचं आहे त्याच्या हातून फाऊल होतातच. स्लेविनच्या हातून ते कमी होतात, कारण त्याला पकडापकडीची वेळच कमी येते. तो आधीच योग्य जागी असतो. मला असा खेळ मनापासून सुंदर वाटतो.

शरीराबद्दल आमच्या धंद्यात फार बोललं जातं, आणि ते सगळंच चूक नाही. सहा फूट तीन इंचांचा मुलगा नेटसमोर उभा राहिला की समोरच्याला वळसा घालावा लागतो. पण सतराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. २०२२ मध्ये लेन हटसन मॉन्ट्रियलने ६२व्या क्रमांकावर घेतला. बऱ्याच जणांना तो फारच लहानखुरा वाटला होता. २०२४-२५च्या पहिल्या पूर्ण मोसमात त्याने ६० असिस्ट दिले आणि सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी घेतली. अॅडम फॉक्स २०१६ मध्ये ६६वा निवडला गेला आणि २०२१ मध्ये नॉरिसचा मानकरी ठरला. तो कोणाला वेगाने मागे टाकत नाही. समोरच्याची हालचाल त्याला आधी दिसते. ताकद व्यायामशाळेत वाढते, फटका सरावाने जड होतो, स्केटिंगचे बारकावे चांगला प्रशिक्षक दोन उन्हाळ्यांत बदलून देतो. बघण्याची सवय मात्र अठराव्या वर्षी नव्याने रुजलेली मी फार थोड्यांत पाहिली आहे.

उलट बाजूही आहे. आकडे भरपूर, पण समोरचे खेळाडू कच्चे, अशा मुलाचं काय करायचं? केल मकार अल्बर्टातल्या ज्युनियर ए लीगमध्ये ब्रूक्सकडून खेळत होता. ती लीग आमच्या ओंटारिओच्या मेजर ज्युनियरपेक्षा खालची. कोलोरॅडोने २०१७ मध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे कोणीतरी आकड्यांच्या आतलं काही बघितलं होतं. त्याच्या वळण्यात आणि ब्लू लाइनवरच्या चालीत असं काहीतरी होतं जे कुठल्याही पातळीवर टिकलं असतं. समोर कोण आहे हे वजा करून बघणं, हे या कामातलं सगळ्यांत थकवणारं गणित.

वयाचं गणितही तसंच. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे एकाच यादीत जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली दोन मुलं शेजारी शेजारी बसतात. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी पहिल्या क्रमांकावर घेतलेला मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७चा. आणखी अकरा दिवसांनी जन्मला असता तर त्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं असतं. शिवाय गळपट्टीचं हाड मोडल्यामुळे त्या मोसमात ईरी या ज्युनियर संघाकडून तो जेमतेम १७ सामने खेळला होता. तरी बघणाऱ्यांना पुरेसं दिसलं. सगळ्यांच्या वाट्याला इतकं स्वच्छ दिसणं येत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुलं त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने ड्राफ्टमध्ये उशिरा निवडली जातात. मी ज्याच्यासाठी जातो तो मुलगा ऑगस्टमधला आहे. त्याच्या खांद्यांकडे बघताना मी ते विसरत नाही.

त्याच्या संघाच्या परवानगीने हिवाळ्यात त्याच्याशी बोललो. ही मुलं सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावात एखाद्या कुटुंबाकडे राहतात, रात्री उशिरा बसने परततात आणि सकाळी शाळेत जातात. ड्राफ्टआधी बफेलोला जूनमध्ये होणाऱ्या शारीरिक चाचण्यांत सायकलवर त्यांचा दम मोजतात, मुलाखती घेतात. बर्फावर कोणी उतरत नाही. मला त्याआधीच, त्याच्या ओळखीच्या रिंकवर बोलायचं असतं. मी त्याला त्याचाच एक गोल खाल्लेला प्रसंग दाखवला आणि एवढंच विचारलं, "इथे तुला काय दिसत होतं?" त्याने चित्र थांबवलं, दोन सेकंद मागे नेलं आणि जोडीदार कुठे होता, कोणावर त्याचं लक्ष होतं, कोण नजरेतून सुटला, हे सगळं सांगितलं. जोडीदाराच्या माथी काही मारलं नाही. ऑक्टोबरमध्ये अशा चुकीनंतर त्याची पुढची शिफ्ट बिचकलेली असायची. फेब्रुवारीत तसं राहिलं नव्हतं.

आमच्या बैठकीत त्याच्याविरुद्ध मुद्दा आला तो खरा आहे. मागून पुढे वळताना उजव्या बाजूला तो एक जास्तीचं पाऊल घेतो. उजव्या बाजूच्या बचावपटूसाठी ती बोर्डाकडची बाजू, म्हणजे वेगवान विंगर नेमका तिथूनच त्याला गाठणार. एका जुन्या सहकाऱ्याने त्याला पाचव्या फेरीत ठेवलं. माझं म्हणणं वेगळं होतं. हा मुलगा उजवीकडे खेळतो तो संघाच्या गरजेपोटी. डावखुऱ्या स्टिकने तिथे बोर्डालगतचा पक बॅकहँडवर घ्यावा लागतो, तरी त्याचा पास मधल्या खेळाडूच्या स्टिकवर जातो. व्यावसायिक संघात तो डावीकडे येईल. तिथे पक सरळ हातावर येईल आणि बोर्डाकडचं वळण त्याच्या चांगल्या बाजूला असेल. फेब्रुवारीत जोडीदार जायबंदी झाला तेव्हा प्रशिक्षकाने त्याला काही सामने डावीकडे खेळवलं. त्या सामन्यांच्या फिती मी टेबलावर मांडल्या: विंगर तीनदा बाहेरून आला आणि तिन्ही वेळा बोर्डापाशी अडला.

मी त्याच्यासाठी तिसरी फेरी मागितली आहे. सोबत लिहिलं आहे की त्याला चार वर्षं द्यावीत, घाई करू नये. एनसीएए या अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंस्थेच्या नोव्हेंबर २०२४च्या निर्णयामुळे आता ज्युनियरमधली मुलं अमेरिकी विद्यापीठांतही खेळू शकतात, तेव्हा तो वेळ देणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. प्रमुख स्काउटने अजून होकार दिलेला नाही. मार्चमध्ये ते माझ्यासोबत दोन सामन्यांना येणार आहेत, आणि मी दोन्ही सामन्यांची तिकिटं नेटमागची घेतली आहेत.